एकांकिका : स्वरूप आणि वाटचाल

आपल्या प्राचीन साहित्यशास्त्रकारांनी काव्याचे श्राव्य आणि दृश्य असे दोन भाग केले. जे ऐकावयाचे ते श्राव्य आणि जे रंगभूमीवर पाहावयाचे ते दृश्य. आजच्या मराठीत कविता, कथा, कादंबरी, नाटक, निबंध, चरित्र असे अनेक वाङ्मयप्रकार आपण मानतो. हे प्रकार म्हणजे ग्रंथालयातील कपाटांवर लावलेल्या पाट्या आहेत, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. वस्तुतः प्रत्येक प्रकाराची स्वतःची अशी एक गरज असते. कादंबरीला निवांत वाचक लागतो. मोठ्या नाटकाला नाट्यगृह, नटसंच, कपडेपट आणि पैसा लागतो. एकांकिकेचे मात्र थोडक्यात भागते. एक खोली, चार-दोन माणसे आणि तासाभराचा वेळ असला की पुरे.

ज्यांच्याजवळ नाट्यगृह नव्हते, पैसा नव्हता, पण सांगण्यासारखे काही निकडीचे होते, अशा माणसांनी हा प्रकार पुन्हा पुन्हा हाती घेतला. एकांकिकेचा इतिहास पाहू लागले म्हणजे ही गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. आपल्या शाळा-कॉलेजांचा या प्रकाराशी जुना संबंध असल्याने तो इतिहास आणि त्याबरोबरच एकांकिकेची मूलतत्त्वे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावीत, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

संस्कृतातील एक अंकाची रूपके

भरताच्या नाट्यशास्त्रात रूपकाचे दहा प्रकार सांगितले आहेत. दहाव्या शतकातील धनंजयाने आपल्या ‘दशरूपक’ या ग्रंथात त्यांचेच विवेचन केले. नाटक आणि प्रकरण हे त्यांतील मोठे प्रकार होत. परंतु भाण, व्यायोग, वीथी आणि अंक हे चार प्रकार एकाच अंकाचे आहेत, आणि प्रहसनही बहुधा एका अंकात आटोपते. भाणात तर एकच नट असतो. तो आकाशाकडे पाहून न दिसणाऱ्या माणसांशी बोलतो, त्यांची उत्तरे स्वतःच ऐकल्यासारखे करतो, आणि एवढ्यावर सारे नगर उभे करतो. सातव्या शतकातील पल्लव राजा महेंद्रवर्मा पहिला याचे ‘मत्तविलास’ हे प्रहसन प्रसिद्धच आहे.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. आपल्या शाळांतून लहान नाटकाला सर्रास ‘नाटिका’ म्हणतात. संस्कृत नाट्यशास्त्रात मात्र नाटिका चार अंकांची असते. हर्षाची ‘रत्नावली’ ही तशी नाटिका आहे. तेव्हा शब्द जुना असला तरी त्याचा आजचा अर्थ आपण दिलेला आहे.

भासाची म्हणून ओळखली जाणारी तेरा नाटके महामहोपाध्याय टी. गणपतिशास्त्री यांना त्रावणकोर संस्थानात हस्तलिखितांच्या रूपाने सापडली आणि १९१२ पासून ती छापून प्रसिद्ध झाली. ती सर्व भासाचीच आहेत काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मध्यमव्यायोग, दूतवाक्य, दूतघटोत्कच, कर्णभार आणि ऊरुभंग ही त्यांतील पाच नाटके एकेका अंकाची आहेत. ‘ऊरुभंगा’त भीमाच्या गदेने मांड्या मोडलेला दुर्योधन जमिनीवर पडलेला आहे. आंधळा बाप आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली आई त्याला शोधत येतात. त्याचा लहान मुलगा नेहमीप्रमाणे बापाच्या मांडीवर बसू पाहतो, आणि बापाला त्याला नको म्हणावे लागते. महाभारतासारख्या अफाट युद्धाची सारी शोकांतिका नाटककाराने त्या एका नकारात आणून ठेवली आहे. युद्धाचे वर्णन करीत पाच अंक खर्च करण्याची त्याला गरज भासली नाही.

असे असले तरी आजची मराठी एकांकिका ही संस्कृत एकांकी रूपकांची थेट संतती आहे असे म्हणता येत नाही. मराठी रंगभूमी १८४३ साली सुरू झाली, आणि भासाची ही नाटके छापून लोकांपुढे येण्यास पुढे जवळजवळ सत्तर वर्षे लागली. वारसा घरात होता, पण तो पेटीत बंद होता. आपल्या एकांकिकेला आकार मिळाला तो दुसरीकडून.

पश्चिमेकडील एकांकिका

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या नाट्यगृहांत मुख्य नाटकाआधी एक लहान नाटक करण्याची पद्धत होती. त्याला कर्टन-रेझर, म्हणजे पडदा उघडणारे नाटक, असे म्हणत. याचे कारण वाङ्मयीन नव्हते. श्रीमंत मंडळी रात्रीचे जेवण आटोपून उशिरा येत. स्वस्त तिकिटाचे प्रेक्षक मात्र वेळेवर येऊन बसत. त्यांना गुंतवून ठेवावे आणि श्रीमंतांचे नाटक बुडू नये, यासाठी ही सोय होती. अर्थात या लहान नाटकाकडे कोणी गांभीर्याने पाहत नसे.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांच्या ‘द मंकीज पॉ’ या कथेचे लुई पार्कर यांनी केलेले नाट्यरूप १९०३ साली लंडनच्या हेमार्केट थिएटरमध्ये असेच मुख्य नाटकाआधी झाले. ते पाहून प्रेक्षक इतके हलून गेले की पुष्कळजण मुख्य नाटकाला न थांबता घरी गेले, असे सांगतात. ही हकिकत एकांकिकेवरील बहुतेक पुस्तकांत आढळते. तीत थोडी भर पडलेली असू शकेल. पण लहान नाटक मोठ्या नाटकाला भारी ठरू शकते, हे नाट्यगृहांच्या चालकांना त्या काळी कळून आले एवढे खरे. पुढे ही पद्धतच बंद पडली आणि एकांकिका व्यावसायिक रंगभूमीच्या बाहेर पडली.

बाहेर पडली आणि तिचे भाग्य उजळले. पॅरिसमध्ये आंद्रे आंत्वान नावाचा एक तरुण गॅस कंपनीत कारकून होता. त्याने हौशी मंडळी जमवून १८८७ साली ‘तेआत्र लिब्र’ म्हणजे मुक्त रंगभूमी सुरू केली. पहिल्याच खेळात त्याने लहान लहान नाटके एकापाठोपाठ सादर केली. रंगमंचावरचे सामान त्याने आईच्या घरून हातगाडीवर आणले होते. पैसा नसल्यामुळे खरीखुरी टेबले-खुर्च्या रंगमंचावर आल्या आणि त्यातूनच वास्तववादी रंगभूमीला बळ मिळाले. रशियात चेकॉव्हने १८८८ च्या सुमारास ‘अस्वल’ आणि ‘मागणी’ यांसारखी विनोदी एकांकी नाटके लिहिली. त्यांची रूपांतरे आपल्याकडील हौशी संस्था अजून करतात. आयर्लंडमध्ये १९०४ च्या डिसेंबरात डब्लिनचे ॲबी थिएटर उघडले, तेही एकांकी नाटकांनीच. परक्यांच्या राज्यात आपली भाषा, आपले खेडूत आणि आपले दुःख रंगमंचावर आणण्यासाठी यीट्स, लेडी ग्रेगरी आणि जॉन मिलिंग्टन सिंग यांना हा प्रकार जवळचा वाटला.

मराठीतील आरंभ

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले आणि मराठी नाटकाचा पाया घातला गेला. त्या काळची पौराणिक नाटके रात्रभर चालत. पुढे पौराणिक खेळानंतर लोकांना हसविण्यासाठी ‘फार्स’ करण्याची पद्धत पडली. या फार्सांत सुधारक, सावकार, जरठविवाह अशा विषयांची थट्टा असे. लहान आकाराचे, समकालीन जीवनावरचे आणि गद्य बोलीतले नाटक प्रेक्षकांना पसंत पडते, हे या फार्सांनी दाखवून दिले.

परंतु याच सुमारास पुण्यात एक लहान नाटक लिहिले गेले, ज्याचे मोल त्या वेळी कोणाला कळले नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले. एका गर्भार कुणबी बाईला जोशी ग्रहांची भीती घालतो, तिला आणि तिच्या नवऱ्याला कर्ज काढावयास लावून लुबाडतो. पुढे एका पाद्र्याशी झालेल्या बोलण्यातून त्या नवराबायकोचे डोळे उघडतात आणि शेवटी ती दोघे लिहावाचावयास शिकण्याचा निश्चय करतात. मध्येच विदूषक येऊन प्रेक्षकांना मार्मिक शब्दांत सारे उलगडून सांगतो. हे नाटक अंकांत विभागलेले नाही. एका घटनेचा धागा धरून ते सलग चालते. आजच्या काटेकोर व्याख्येत ते एकांकिका ठरेल की नाही, हा वाद बाजूला ठेवू. महत्त्वाचे हे की, ज्यांना शाळेची पायरी ठाऊक नव्हती त्यांना शिक्षणाची निकड सांगण्यासाठी जोतीरावांनी निबंध न लिहिता नाटक लिहिले. निरक्षर माणूस निबंध वाचणार नव्हता. नाटक मात्र पाहू शकत होता.

हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविण्यात आले होते. कमिटीने ते स्वीकारले नाही. ते छापून प्रसिद्ध झाले ते १९७९ साली, म्हणजे लिहिल्यानंतर सव्वाशे वर्षांनी. शिक्षणासाठी झटणाऱ्या प्रत्येक संस्थेने या नाटकाची आठवण ठेवली पाहिजे.

जोतीरावांचे नाटक असे अप्रकाशितच राहिले आणि रंगभूमीने दुसरी वाट धरली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचा सुवर्णकाळ सुरू झाला. पाच अंक आणि गायकनटांच्या मैफली यांत लहान नाटकाला जागा उरली नाही. ती वाट पुन्हा उघडली एका शिक्षकाने. शंकर काशिनाथ गर्गे ऊर्फ दिवाकर हे पुण्यात शिक्षक होते. इंग्रज कवी ब्राउनिंग यांच्या नाट्यात्म स्वगतांवरून स्फूर्ती घेऊन त्यांनी १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. नाट्यछटेत एकच पात्र बोलते, पण समोरचे माणूस काय म्हणत असेल हे आपणांस बरोबर कळते. एका पानात एका घराचा दांभिकपणा ते उघडा करून दाखवीत. नाट्यछटा म्हणजे एकांकिका नव्हे. पण कमीत कमी शब्दांत नाट्य कसे पकडावे, याचा धडा मराठी लेखकांना तिने दिला.

यानंतर दोन गोष्टींनी एकांकिकेला हात दिला. एक म्हणजे शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलने, आणि दुसरी म्हणजे नभोवाणी. मुंबईस १९२७ साली नभोवाणीचे केंद्र सुरू झाले. ऐकण्यासाठी लिहिलेल्या लहान नाटकाला मराठीत ‘श्रुतिका’ असा सुंदर शब्द रूढ झाला. श्रुतिकेत पडदा नाही, रंगभूषा नाही, केवळ शब्द आणि आवाज; त्यामुळे संवाद नेमका लिहिण्याची सवय लेखकांना लागली. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरीस होते आणि त्यांनी उत्तम एकांकिका लिहिल्या. रत्नाकर मतकरी यांची ‘वेडी माणसं’ ही पहिली एकांकिका १९५५ साली आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून प्रसारित झाली, तेव्हा ते कॉलेजातील विद्यार्थी होते. विजय तेंडुलकरांचा ‘रात्र आणि इतर एकांकिका’ हा संग्रह १९५७ चा. पुढे मराठी नाटकाला ज्यांनी वळण लावले, त्यांतील कितीतरी जणांचा हात एकांकिकेवर बसला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

उर्दूतील यकबाबी ड्रामा

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी उर्दू बोलली जाते आणि मुले मराठी शाळेत शिकतात. म्हणून उर्दूतील या प्रकाराचाही थोडा परिचय येथे करून देणे अगत्याचे आहे. एका अंकाच्या नाटकाला उर्दूत ‘यकबाबी ड्रामा’ म्हणतात. बाब म्हणजे प्रकरण किंवा अंक. लखनौच्या अमानत यांची ‘इंदरसभा’ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची. पुढे आगा हश्र काश्मिरी यांनी पारशी नाटक मंडळ्यांसाठी लिहिलेली नाटके देशभर गाजली. ती सर्व थाटामाटाची, गाण्यांची नाटके. त्यांच्या बाजूला १९३० नंतर एक नवे, साधे, बोलीतले लहान नाटक उभे राहिले.

डॉ. रशीद जहाँ यांचे ‘परदे के पीछे’ हे त्यांतील महत्त्वाचे. रशीद जहाँ या अलीगढ येथे मुलींच्या शिक्षणाचा पाया घालणारे शेख अब्दुल्ला यांच्या कन्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. १९३२ साली लखनौहून निघालेल्या ‘अंगारे’ या चार लेखकांच्या संग्रहात त्यांचे हे नाटक आहे. संग्रहातील काही मजकुरावरून मोठे वादळ उठले आणि १९३३ साली संयुक्त प्रांताच्या सरकारने त्यावर बंदी घातली. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. नाटक म्हणून ‘परदे के पीछे’ पाहिले तर त्यात घडत काहीच नाही. जनान्यातील एका खोलीत दोन स्त्रिया बोलत बसल्या आहेत. एक दुसरीला आपली प्रकृती, लागोपाठची बाळंतपणे आणि नवऱ्याची वागणूक यांविषयी सांगते. एवढेच. पण रशीद जहाँ डॉक्टर होत्या. त्या खोलीतील बायका दवाखान्यात काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे त्यांनी ऐकले होते. जे बोलणे खोलीबाहेर कधीच जात नव्हते, ते त्यांनी नाटकाच्या रूपाने बाहेर आणले.

१९४०–४२ च्या सुमारास दिल्ली नभोवाणी केंद्रात सआदत हसन मंटो, कृश्न चंदर, उपेंद्रनाथ अश्क ही मंडळी नोकरीस होती. मंटोने त्या अल्प काळात नभोवाणीसाठी पुष्कळ नाटके लिहिली. इस्मत चुगताई यांचे प्रसिद्ध झालेले पहिले लेखनही एक नाटकच होते, त्याचे नाव ‘फसादी’. मराठीत श्रुतिकेने जे केले तेच उर्दूत रेडिओ ड्राम्याने केले. दिल्लीच्या जामिया मिल्लियामध्ये तर नाटक हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. तेथील प्राध्यापक मुहंमद मुजीब यांनी स्वतः नाटके लिहिली, आणि हबीब तन्वीर यांचे ‘आग्रा बाजार’ १९५४ साली जामियाचे विद्यार्थी, शिक्षक आणि शेजारच्या ओखला गावातील रहिवासी यांना घेऊन प्रथम उभे राहिले.

एकांकिकेची मूलतत्त्वे

आता एकांकिकेच्या तंत्राकडे वळू. पहिली गोष्ट ही की, एकांकिका म्हणजे मोठ्या नाटकाचा संक्षेप नव्हे. तीन अंकी नाटकातील पहिला अंक कापून घेतला तर एकांकिका होत नाही, जशी कादंबरीचे एक प्रकरण फाडून कथा होत नाही. एकांकिकेचा विषय म्हणजे एक पेचप्रसंग. तो पेच सुटला किंवा कायमचा बसला की एकांकिका संपली.

दुसरी गोष्ट तीन ऐक्यांची. स्थळ, काळ आणि कृती ही तीन ऐक्ये ॲरिस्टॉटलने सांगितली असे परीक्षेच्या उत्तरांतून नेहमी लिहिले जाते. त्याने आग्रह धरला तो कृतीच्या ऐक्याचा. काळाविषयी त्याने ओझरता उल्लेख केला आणि स्थळाच्या ऐक्याविषयी नियम केलाच नाही. तिन्ही नियम एकत्र बांधले ते सोळाव्या शतकातील इटालियन टीकाकारांनी. कास्टेलवेट्रोचा १५७० चा ग्रंथ त्यासाठी प्रसिद्ध आहे. मोठ्या नाटकाला हे नियम जाचक झाले. एकांकिकेला मात्र ते मानवतात, कारण स्थळ बदलण्यास तिच्याजवळ वेळच नसतो.

तिसरी गोष्ट आरंभाची. एकांकिका शेवटाच्या अगदी जवळ सुरू व्हावी लागते. सिंगच्या ‘रायडर्स टू द सी’ या १९०४ च्या एकांकिकेचे उदाहरण घेऊ. एका बेटावरील म्हाताऱ्या मॉरियाचा नवरा, सासरा आणि मुले समुद्राने एकामागून एक गिळली आहेत. नाटक सुरू होते तेव्हा एकच मुलगा, बार्टली, शिल्लक आहे. भिंतीला नव्या फळ्या टेकून ठेवल्या आहेत. समुद्रात नाहीशा झालेल्या मायकेलचे प्रेत सापडले तर शवपेटीला लागतील म्हणून. दूर कोठे सापडलेल्या एका प्रेताचे कपडे गाठोड्यात आले आहेत. बहिणी आईच्या नकळत ते सोडतात आणि मोज्याचे टाके मोजून भावाची ओळख पटवितात, कारण तो मोजा एका बहिणीनेच विणलेला असतो. आणि शेवटी त्या फळ्या लागतात बार्टलीच्या शवपेटीला. साऱ्या घराण्याचा इतिहास अर्ध्या तासात आपणांस कळतो, तो कोणी बसून सांगितला म्हणून नव्हे. फळ्या आणि मोजा यांनी तो सांगितला.

यातून चौथे तत्त्व निघते. एकांकिकेत रंगमंचावर ठेवलेली प्रत्येक वस्तू कामाची असावी. भिंतीवर घड्याळ असेल तर त्याची वेळ पाहिली गेली पाहिजे. नुसती शोभा म्हणून ठेवलेले सामान प्रेक्षकाचे लक्ष फोडते.

पाचवे तत्त्व पात्रांचे. पात्रे थोडी असावीत. ‘परदे के पीछे’ दोघींवर उभे आहे. प्रेमानंद गज्वी यांच्या ‘घोटभर पाणी’ या १९७७ च्या एकांकिकेतही दोनच पात्रे आहेत. दलितांना पाणी नाकारणाऱ्या समाजाची शेकडो वर्षांची हकिकत ती दोन पात्रे अनेक भूमिका बदलीत, नेपथ्याचा डोलारा न उभारता, आपल्यापुढे मांडतात. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला. पन्नास वर्षांनी तोच प्रश्न एका लेखकाला दोन पात्रांच्या तोंडी घालावा लागला. या एकांकिकेचे असंख्य प्रयोग झाले आणि ती इतर भाषांतही गेली. खर्च जवळजवळ काहीच नसल्यामुळे ती खेड्यापाड्यांत जाऊ शकली.

सहावे तत्त्व संवादांचे. एकांकिकेत भाषण नसावे. शाळेसाठी लिहिलेल्या पुष्कळ नाटिकांत शेवटी एक सद्‌गृहस्थ पुढे येऊन हुंडा किंवा व्यसन यांवर व्याख्यान देतात. ज्या लेखकाला आपल्या प्रसंगावर विश्वास नसतो तो व्याख्यान देतो. ‘ऊरुभंगा’तील मूल मांडीवर बसण्याचा हट्ट धरते, युद्ध वाईट असते असे ते म्हणत नाही. म्हणूनच प्रेक्षकाला ते पटते.

स्पर्धा आणि नवे लेखक

महाराष्ट्रात एकांकिका रुजली ती मुख्यतः कॉलेजांतून. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली आपले संस्थापक पुरुषोत्तम रामचंद्र ऊर्फ आप्पासाहेब वझे यांच्या स्मरणार्थ आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. तीच पुरुषोत्तम करंडक स्पर्धा होय. पुढे मुंबईतही अशा स्पर्धा निघाल्या. पावसाळा सुरू झाला की कॉलेजांच्या रिकाम्या वर्गांतून तालमी सुरू होतात, आणि मराठी रंगभूमीवरील व पडद्यावरील कितीतरी नट, लेखक व दिग्दर्शक अशा तालमींतून तयार झाले.

विजया मेहता यांच्या ‘रंगायन’ने महेश एलकुंचवार यांच्या एकांकिका रंगभूमीवर आणल्या. १९७० च्या सुमाराची त्यांची ‘होळी’ कॉलेजच्या वसतिगृहातील आहे. सुटी नाकारली गेल्याने चिडलेली मुले, त्यांच्यातील साचलेला राग आणि त्या रागाला बळी पडलेला एक दुबळा मुलगा, असा हा प्रसंग आहे. केतन मेहता यांनी १९८४ साली तिच्यावर चित्रपट काढला. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांविषयी केलेली आणि प्राध्यापकांना अस्वस्थ करणारी अशी एकांकिका व्यावसायिक नाट्यगृहात कधी जन्मली नसती. दत्ता भगत यांची ‘आवर्त’ १९७८ ची. शफाअत खान यांनी ‘मुंबईचे कावळे’, ‘शोभायात्रा’ अशा नाटकांतून मराठी रंगभूमीवर उपरोधाची स्वतंत्र वाट पाडली.

एकांकिकेचे आणखी एक भावंड म्हणजे पथनाट्य. दिल्लीच्या जन नाट्य मंचाचे ‘मशीन’ हे १९७८ चे नाटक अवघ्या तेरा मिनिटांचे होते. त्या संस्थेचे सफदर हाश्मी यांच्यावर १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबाद येथे ‘हल्ला बोल’ या पथनाट्याचा प्रयोग चालू असताना हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. लहान नाटक निरुपद्रवी असते, असे मानणाऱ्यांनी हे विसरू नये.

आपल्या स्नेहसंमेलनातील एकांकिका

शेवटी आपल्या शाळांविषयी दोन शब्द. पूर्वी स्नेहसंमेलनात निदान एक एकांकिका होत असे. मुलींनी रंगमंचावर यावे की नाही, असा प्रश्न त्या काळी सर्वच समाजांत होता. त्यावर तोडगा म्हणून ‘स्त्रीपात्रविरहित नाटिका’ असा एक प्रकारच मराठीत तयार झाला आणि त्यांची पुस्तके विकली जात. आता मुली पुढे येतात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु बहुतेक ठिकाणी एकांकिकेची जागा चित्रपटगीतांवरील नाचांनी घेतली आहे. नाच बसविणे सोपे असते; गाणे तयार असते, हालचाली पडद्यावर पाहिलेल्या असतात. एकांकिकेला मात्र मुलांना बोलावे लागते, समोरच्याचे ऐकावे लागते, आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचार करावा लागतो. शिक्षण यापेक्षा वेगळे ते काय असते?

मोठ्या स्पर्धांतही चिंतेची चिन्हे आहेत. पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी २०२२ साली एकही एकांकिका करंडकास पात्र नाही असा निर्णय दिला आणि त्यावर पुष्कळ चर्चा झाली. त्या निर्णयाविषयी मतभेद असू शकतील. पण प्रकाशयोजना आणि नेपथ्य यांच्या झगमगाटात मूळ पेच हरवतो, ही तक्रार नवी नाही. आंत्वानची हातगाडी आपण विसरलो की असे होते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. छापील पुस्तकातील नाटिका दरवर्षी बसविण्याऐवजी नववी-दहावीच्या मुलामुलींना एक खोली, तीन पात्रे आणि एक पेच एवढेच देऊन अर्ध्या तासाचे नाटक लिहावयास सांगावे. विषय त्यांच्या घरचा, मोहल्ल्याचा असावा. वह्यांसाठी पैसे मागावे की बापाच्या रिक्षाचा हप्ता आधी जाऊ द्यावा. पहिल्या नंबराने पास झालेल्या बहिणीला पुढे शिकवावे की तिचे लग्न उरकावे. घरात एकच खोली आणि परीक्षा उद्यावर. प्रत्येक वर्गात असे दहा तरी पेच बसलेले असतात. भाषा मुलांना जी येते ती असावी. मराठी बोलता बोलता आजीच्या तोंडी दखनी आली तर ती खोडू नये. नाटकाचा जीव तेथेच असतो. आणि प्रयोग करणाऱ्यांत जितकी मुले तितक्या मुली असाव्यात.

जोतीरावांचे नाटक सव्वाशे वर्षे छापले गेले नाही, तरी त्यांनी ते लिहिले. रशीद जहाँ यांचे पुस्तक जप्त झाले, तरी त्या लिहीत राहिल्या. आपल्या मुलांच्या वाटेत असे काही नाही. त्यांच्यासाठी वर्ग आहे, फळा आहे, आणि शाळा सुटल्यावरचा एक तास आहे. एकांकिकेला याहून अधिक कधीच लागले नव्हते.